ऑस्करचं बिऱ्हाड

दुकानात ऑस्कर दिसतो तेव्हा तो जेमतेम दोन इंचांचा असतो. काळ्या अंगावर पांढरट नागमोडी रेघा, टपोरे डोळे आणि काचेपलीकडच्या माणसाकडे टक लावून बघण्याची सवय. या शेवटच्या गोष्टीवरच निम्मे ऑस्कर विकले जातात. दुकानदार सांगतो, ‘दोन फुटी टाकीत आरामात राहील.’ राहतोही, तीन-चार महिने. पोटभर खाणारं पिल्लू महिन्याला साधारण इंचभर वाढतं, वर्षभरात दहा इंचांच्या घरात जातं आणि पुढे घरातल्या टाकीतही फूटभर लांब, पाऊण किलोपर्यंत भरणारा मासा होतो. नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो. म्हणजे मूल बालवाडीत असताना आणलेला ऑस्कर त्याच्या दहावीच्या निकालाला घरात हजर असू शकतो. तेव्हा टाकी, फिल्टर, खर्च, जागा, सगळा हिशोब त्या फूटभर माशाचा करायचा. दोन इंचांचं पिल्लू ही फक्त सुरुवात आहे.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉन खोऱ्याचा. पेरू, इक्वेडोर, कोलंबिया, ब्राझील या देशांतल्या संथ वाहणाऱ्या, बुडालेल्या झाडाझुडपांच्या पाण्यात राहणारा. लुई अगासी या शास्त्रज्ञाने १८३१ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही तो समुद्रातला मासा आहे अशा समजुतीने. कूळ सिक्लिडांचं. आपल्या धरणांत मिळणारी चिलापी याच कुळातली आणि गोव्याच्या खाड्यांतलं कालुंदरही. कुळाचे गुण त्याच्यात पुरेपूर आहेत: हद्दीचा अभिमान, पिल्लांची राखण, आणि दगडगोटे आपल्या मर्जीने हलवण्याची खोड. शेपटीच्या मुळाशी केशरी कडा असलेला काळा गोल ठिपका असतो, डोळ्यासारखा. त्याच्या मूळच्या पाण्यात पिरान्हा आहेत आणि ते इतर माशांचे पर कुरतडतात. शेपटीलाच डोकं समजून त्यांची फसगत व्हावी म्हणून हा ठिपका असावा, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे.

शिकारी म्हटलं की आपल्याला पाठलाग करणारा, दात विचकणारा मासा डोळ्यांपुढे येतो. ऑस्कर तसा नाही. त्याची खरी ताकद दातांत नाही, तोंडाच्या पोकळीत आहे. एक दाणा टाकून जवळून बघा. तो आधी थांबतो, दोन्ही डोळे दाण्याच्या रोखाने फिरवतो, छातीचे पर मागेपुढे हलवत अंग तोलतो. मग जबडा नळीसारखा पुढे येतो, गळ्याखालची कातडी फुगते आणि दाणा दिसेनासा होतो. तोंडाची पोकळी सेकंदाच्या काही शतांश भागात एकदम मोठी झाल्यामुळे पाणी आत खेचलं जातं आणि भक्ष्य त्या पाण्याबरोबर जातं. पाणी कल्ल्यांतून बाहेर पडतं, घास आत राहतो. चावायचं काम पुढे घशातल्या दातांचं. नेमकं याच वेळी कल्ल्यांच्या झाकणांमागून भुग्याचे दोन लहानसे ढग बाहेर पडताना दिसतील. ऑस्कर हा सांडलवंड करत जेवणारा मासा आहे, आणि टाकीच्या बहुतेक कटकटींचं मूळ इथे आहे.

सगळा मामला या घासाच्या पुढच्या प्रवासाचा असल्यामुळे त्याच्यामागे जरा सावकाश जाऊ.

दाण्यातल्या प्रथिनांपैकी काही भाग माशाच्या अंगी लागतो. उरलेल्यातला नायट्रोजन शरीराला बाहेर टाकावा लागतो. आपण तो युरिया करून लघवीवाटे टाकतो. मासा तो थेट अमोनियाच्या रूपात आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. तळाची विष्ठा नळीने ओढून घेतली की टाकी स्वच्छ झाली, हा समज म्हणूनच अपुरा. घाणीचा मोठा वाटा दिसतच नाही. पाणी काचेसारखं नितळ असतं आणि मासा त्यात अमोनियाने भाजत असतो.

अमोनियाची पाण्यात दोन रूपं असतात. एक विषारी, दुसरं त्या मानाने निरुपद्रवी, आणि कुठलं किती हे पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरतं. २७ अंशांच्या आसपास पीएच ७ असेल तर विषारी रूपाचा वाटा एक टक्क्याहून कमी असतो. पीएच ८ झाला की तोच सहा टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

हा अमोनिया खाऊन जगणारे जिवाणू निसर्गात असतात. ते फिल्टरमधल्या स्पंजवर, सिरॅमिकच्या नळकांड्यांवर, वाळूच्या कणांवर बुळबुळीत थर करून राहतात आणि ऑक्सिजन वापरून अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइट हेही विषच. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं, हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा धापा टाकतो. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य आहे, पण फिल्टरचं काम तिथे संपतं. ते साचत जातं आणि बादलीनेच बाहेर काढावं लागतं.

किती साचतं, याचा ढोबळ हिशोब मांडता येतो. मोठा ऑस्कर दिवसाला सात ग्रॅम खाद्य खातो असं धरू. खाद्यात ४० टक्के प्रथिनं म्हणजे २.८ ग्रॅम, प्रथिनांत नायट्रोजन सुमारे १६ टक्के, म्हणजे ०.४५ ग्रॅम. त्यातला दोन तृतीयांश बाहेर पडला तर ०.३ ग्रॅम. टाकीत ३०० लिटर पाणी असेल तर रोज लिटरमागे एक मिलिग्रॅम नायट्रोजन, आणि नायट्रेटच्या भाषेत सुमारे ४.४ मिलिग्रॅम. आठवड्याला तीस.

आता गंमत बघा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणाऱ्याच्या टाकीत नायट्रेट वाढत वाढत अखेर १२० च्या आसपास जाऊन थांबतं, कारण तिथेच काढलेलं आणि आलेलं सारखं होतं. निम्मं पाणी बदललं तर आठवडाअखेरचा आकडा ६० वर स्थिरावतो. तेच निम्मं पाणी बदलून मोठ्या माशाला आठवड्यातून दोन दिवस उपास घडवला तर ४४ वर. लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास राहावं, असा बहुतेक जाणकारांचा आग्रह असतो. हीच आकडेमोड दीडशे लिटरच्या टाकीसाठी करून पाहा: सगळे आकडे दुप्पट होतात. ‘टाकी केवढी घ्यावी’ या प्रश्नाचं उत्तर मासा कुठे मावेल यात नाही, या गुणाकारात आहे.

मी एका ऑस्करसाठी ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी सुचवतो. काठोकाठ भरली तर ३४० लिटर. वरची मोकळी जागा आणि दगड-वाळू वजा जाता ३०० लिटर. दुकानांतल्या चार फुटी टाक्या बहुधा दीड फूट किंवा त्याहून अरुंद असतात, आणि फूटभर माशाला त्यात वळताना अंग दुमडावं लागतं. उंची कमी चालेल, रुंदी नको. काच १० मिलिमीटरची घ्यावी. पाणी, काच, वाळू आणि लोखंडी स्टँड धरून वजन सव्वाचारशे-साडेचारशे किलोंच्या घरात जातं, तेव्हा टाकी हॉलच्या मध्यावर नको. खाली बीम असलेल्या भिंतीलगत हवी. जुन्या इमारतीत इंजिनिअरला विचारून घ्यावं, संकोच करू नये. स्टँडवर प्लायवूड आणि त्यावर थर्मोकोलची शीट घातली की तळाच्या काचेवर ताण सारखा बसतो. झाकण मात्र जड हवं. हा मासा उडी मारतो, आणि रात्री फरशीवर पडलेला मासा सकाळीच सापडतो.

फिल्टर निवडताना खोक्यावरचा आकडा अर्धाच खरा मानावा. तो आत काही नसलेल्या पंपाचा असतो. स्पंज आणि नळकांडी भरली, वर घाण बसली की प्रवाह निम्म्यावर येऊ शकतो. तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी प्रत्यक्षात फिरावं. कॅनिस्टर फिल्टर उत्तम, पण महाग. टाकी बनवणाऱ्या काचवाल्याकडूनच सम्प, म्हणजे टाकीखाली बसणारी फिल्टरची वेगळी टाकी, करून घेतला तर तो बहुधा स्वस्त पडतो, आणि त्यात हीटरही ठेवता येतो. उघड्या टाकीतला काचेचा हीटर ऑस्कर शेपटीच्या फटक्याने फोडू शकतो. कोपऱ्यात चिकटवायचे छोटे फिल्टर या माशापुढे शोभेचे समजा.

फिल्टर धुण्याची एक रीत आहे आणि ती चुकली की सगळं चुकतं. पाणी बदलताना टाकीतलंच पाणी बादलीत घ्यायचं आणि स्पंज त्यात दोन-चारदा पिळायचा. कॉफीच्या रंगाचा गाळ निघतो. स्पंज थोडा मळकट राहिला पाहिजे. तो नव्यासारखा लख्ख होईपर्यंत नळाखाली चोळला तर नळातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. सिरॅमिकची नळकांडी तर नुसती हलवून घ्यायची.

‘अहो, परवाच टाकी पूर्ण रिकामी करून स्वच्छ धुतली, सगळं नवं पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी मासा गेला.’ मासे पाळणाऱ्यांच्या बैठकीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यामागचं कारण आता सांगता येईल. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. अनेक आठवडे पाणी बदललं नाही, तर ते आम्ल पाण्यातले क्षार संपवतं आणि पीएच उतरत जातो. साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात, अमोनिया साचतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासा टिकून राहतो. अशा टाकीत एकदम पीएच ८ चं पाणी ओतलं की साचलेल्या अमोनियातला मोठा भाग काही मिनिटांत विषारी होतो. पाणी पूर्ण बदललं तर अमोनिया जातो, पण धुतलेल्या फिल्टरमध्ये जिवाणू नसतात, शिवाय पीएचचा धक्का बसतो तो वेगळाच. फार जुनं झालेलं पाणी म्हणून रोज थोडं थोडं, दहावा हिस्सा, असं बदलत आठवड्याभरात ताळ्यावर आणायचं.

नव्या पाण्याचं म्हणाल तर पालिकेच्या नळाचं पाणी चालतं, फक्त क्लोरीन काढायला हवं. बादल्या भरून रात्रभर हवेच्या पंपाने बुडबुडे सोडले तर साधं क्लोरीन उडून जातं. दीडशे लिटरसाठी दहा बादल्या कोण मांडून ठेवणार? त्यापेक्षा दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध, म्हणजे बहुतेक वेळा हायपोचा द्राव, बाटलीवरच्या मापाने घालून थेट पाइप लावावा. फोटोग्राफीच्या डार्करूममध्ये वापरायचा तोच हा हायपो. टँकरच्या पाण्याची खात्री धरू नये. प्रत्येक खेपेला ते वेगळ्या विहिरीचं असू शकतं. ऑस्कर मूळचा हलक्या पाण्यातला असला तरी ६ ते ८ पीएचचं कुठलंही स्थिर पाणी तो सोसतो. त्याला सोसत नाहीत ते चढउतार.

तापमान २४ ते २८ अंश. मुंबई-कोकणात हीटर बहुधा शोभेलाच राहतो. नाशिक, नागपूरकडच्या डिसेंबरात मात्र तो लागतो. पाणी २० अंशांखाली गेलं की मासा खात नाही, खाल्लं तर पचवत नाही. विदर्भातल्या मे महिन्याची काळजी उलटी. २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर ३० अंशांना साडेसात. झाकण उचलून जाळी टाकावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅन सोडावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात.

वीज गेली तर? कमी ऑक्सिजनमध्ये तग धरण्यात ऑस्कर तरबेज आहे. अमेझॉनच्या पूरमैदानांत ऑक्सिजन संपायला येतो तेव्हा तो शरीराचे सगळे व्यवहार मंद करून काही तास काढतो. फिल्टरमधल्या जिवाणूंना ही कला अवगत नाही. बंद कॅनिस्टरमध्ये प्रवाह थांबला की आतला ऑक्सिजन ते स्वतःच संपवतात आणि मरू लागतात. भारनियमनाच्या भागात म्हणूनच बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि त्याला जोडलेला साधा स्पंज फिल्टर टाकीत कायम असावा. वीज बराच वेळ नसेल तर आल्यावर कॅनिस्टर तसाच सुरू न करता आतलं कुजकट पाणी आधी ओतून टाकावं.

नवी टाकी लावली की जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस रिकामी टाकी चालवायचा धीर कुणालाच नसतो. ओळखीच्या, निरोगी माशांच्या टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर हा काळ खूप कमी होतो. नाहीतर माशाविना टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यायचं आणि अमोनिया, नायट्राइट मोजायच्या थेंबांच्या किटवर लक्ष ठेवायचं. दोन्ही आकडे आधी चढतात, मग शून्यावर येतात. मासा त्यानंतर. आधीच आणला असेल आणि नायट्राइट दिसत असेल, तर लिटरमागे एक ग्रॅम साधं मीठ घालावं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं.

खाण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे म्हणतो: जिवंत गोल्डफिश टाकून तमाशा बघणं बंद करावं. नैसर्गिक अधिवासातही ऑस्करच्या पोटात छोट्या माशांबरोबर किडे आणि खेकडे-झिंग्यांची जात बरीच असते. चारा म्हणून विकले जाणारे मासे दाटीवाटीत वाढलेले असतात आणि रोग घेऊन येतात. शिवाय गोल्डफिशच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, त्यामुळे सतत त्यावर पोसलेला मासा खंगतो. चांगल्या प्रतीचे सिक्लिडचे दाणे हे रोजचं जेवण. चवीला कधी सालासकट छोटी कोळंबी, कधी औषध न फवारलेल्या बागेतलं गांडूळ किंवा नाकतोडा. चिकन-मटण नको, त्यातली चरबी त्याला पचत नाही. दाण्यांचा मोठा डबा स्वस्त पडतो खरा, पण उघडल्यावर त्यातलं सी जीवनसत्त्व हळूहळू जातं. छोटी पाकिटं घ्यावीत. पिल्लाला दिवसातून दोनदा, मोठ्याला एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. तो काचेशी येऊन नंतरही मागतच राहील. ते ढोंग आहे.

सजावटीवर पैसे घालवू नयेत. झाडं तो उपटतो, प्लास्टिकचे किल्ले पाडतो, वाळूत खड्डे खणतो. गुळगुळीत मोठे गोटे थेट तळाच्या काचेवर बसवून भोवती वाळू पसरली की त्याने उकरलं तरी ते कोसळत नाहीत. सम्पमध्ये मनी प्लांटच्या मुळ्या सोडल्या तर त्या थोडं नायट्रेट शोषतात आणि माशाच्या तोंडालाही लागत नाहीत. टाकीतली मांडणी बदलली की ऑस्कर रुसतो, रंग गडद करतो, एका कुशीवर आडवा पडून राहतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो मेलाच वाटतो. पाण्याचे आकडे ठीक असतील तर एक-दोन दिवस दुर्लक्ष करावं.

सोबती नसला तरी चालतो. ठेवायचाच तर तोंडात न मावणारा हवा, आणि टाकी आणखी मोठी हवी. काटेरी परांचे लहान कॅटफिश मुळीच नकोत. गिळताना काटा घशात अडकतो आणि दोघेही जातात.

डोक्यावर, डोळ्यांभोवती टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसू लागले, तर या माशाचा नेहमीचा आजार सुरू झाला समजावं. परजीवी, निकस खाद्य, नायट्रेटचं साचणं अशी बरीच कारणं त्यामागे सांगितली जातात. औषधाच्या बाटलीकडे धावण्याआधी पाणी मोजावं. सुरुवातीलाच पाणी आणि खाद्य सुधारलं तर खळगे पुष्कळदा थांबतात, खोल गेलेल्यांचे व्रण मात्र राहतात.

नर-मादी वरून ओळखू येत नाहीत. जोडी जमली तर सपाट दगड घासूनपुसून मादी त्यावर हजारभर किंवा त्याहून जास्त अंडी घालते. एवढी पिल्लं कोण घेणार, हे आधी ठरवावं. आणि मासा नकोसा झाला, टाकी विकायची झाली, तरी तो तलावात किंवा नदीत सोडायचा नाही. फ्लोरिडात असे सोडलेले आणि निसटलेले ऑस्कर आज कालव्यांत वस्ती करून आहेत. आपल्याकडच्या कित्येक जलाशयांत टाकीतून सुटलेला सकर मासा मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला फुकट द्यावा.

गणपतीला गावी जायचं असेल तर त्याची फार काळजी नको. धडधाकट मोठा ऑस्कर आठवडाभर न जेवता राहतो. निघण्याच्या आदल्या दिवशी निम्मं पाणी बदलावं, फिल्टरचा प्रवाह बघावा आणि खाद्याचा डबा कपाटात कुलपात ठेवावा, कारण प्रेमळ शेजारी आठवड्याचा कोटा एका संध्याकाळी टाकतात. शेजाऱ्यांकडे चावी द्यायची ती एवढ्याचसाठी, की वीज जाऊन आली तर फिल्टरमधून पाणी पुन्हा पडायला लागलं की नाही, ते त्यांनी बघावं.